पूनमच्या नावची शतावरी

—न्हाय, आता न्हाय लावायची. फाल्गुन चाललाय, बाहिर ऊन बगितलंस न्हवं, डांबर चपलंला चिकटायलंय — ह्यात शतावरीचं कोवळं मूळ मातीत घातलंस तर चार दिसात उकडून निगंल. मिरग निगू दे. अन् मिरग निगाला म्हणून बी लगीच पळायचं न्हाय, एक सर आली की लोक खुरपं घेऊन धावत्यात, वरची माती भिजलेली, खालची तशीच तापलेली — मूळ वरनं वलं अन् खालनं भाजलेलं, कसं जगंल? दोन-तीन पाऊस दमदार पडू द्यायचं. मंग हात घालून खालची माती काढायची, मुठीत दाबायची, लाडू वळला पायजे पर हाताला चिकटाय न्हाय पायजे. तसा लाडू झाला की लावायची. बस की, हुभी किती ऱ्हाशील? त्या पायरीवर बस, लिंबाची सावली हाय तितं. डेऱ्यातलं पाणी घे. पोटुशी बाईनं ह्या उन्हात एस.टी.तनं एकटीनं यावं का — व्हय, कळतंय मला, पदर कितीबी पुढं घे, बसताना गुडघ्यावर हात ठेवलास तितंच कळलं. कितवा, पाचवा? पाचवाच असणार.

तर माती. तुमच्याकडची काळी असणार, धरणाकाठची म्हणजे काळीच, ऊस अन् केळी पोसलेली — काय? तू गाव सांगितलंच न्हाईस व्हय? आसंल. बोलण्यावरनं वाटलं. हितं माझ्या, ह्या मायाक्काच्या, गेटात रोपं न्यायला कुटनं कुटनं लोक येत्यात, माणसाच्या तोंडावरनं माती वळखाय येती मला. तर काळ्या मातीत खड्डा करून शतावरी पुरायची न्हाय, पाणी धरून बसती ती माती, मुळ्या कुजून जात्यात. वरंबा करायचा चांगला उंच. निम्मी माती, निम्मा मुरूम अन् वाळू, अन् लेंडीखत — आमच्या ह्यांचा भाऊ सांगोल्याकडं मेंढरं राखतो, तितनं पोतं येतं वर्साला, आमी मेंढराचीच माणसं, हितं सोलापुरात येऊन माळी झालो. बी लावायचं तर रातभर कोमट पाण्यात भिजत घालायचं. महिनाभर तोंड दाखवत न्हाय ते. लोक म्हणत्यात बी खोटं हुतं — खोटं नसतं गं, खालीच बसून इचार करत असती ती, वर यावं का न्हाय. अन् एकदा आली की तारंचा न्हायतर काठीचा आधार द्यायचा, काटं असत्यात, पोरासोरांच्या वाटंवर लावायची न्हाय.

परवा एक बाई मोबाईलमदी फोटू दाखवत आली, हिरवीगार जाड कोंबं, जुडी बांधलेली, म्हणाली मावशी ह्याच्या जातीची द्या, सूप करायचंय. मी म्हणलं ती हिची परदेशातली भण हाय बाई, तिला पावसाळा सरता सरता लावायची असती, अन् आपला वैशाख तिला सोसंल का न्हाय ते मी सांगत न्हाय. हिच्या कोंबाला तेवढं मोल न्हाय. हिचं सगळं खाली. वर नुसती झिपरी हिरवी वेल, बगणाऱ्याला वाटतं शोभंची लावलीय, अन् खाली बोटाएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा घोसच्या घोस. पर धीर पायजे. पहिल्या वर्साला हात लावायचा न्हाय, दुसऱ्या वर्साला बी न्हाय. हिवाळा सरला, वेल पिवळी पडली की लोकांस्नी वाटतं मेली, उपटून टाकत्यात. ती मरत न्हाय. वरनं वाळती, खालनं जिती असती.

ती? धुण्याच्या दगडामागची? व्हय, ती शतावरीच. बगितलीस व्हय — बगणारच, सगळी भिंत धरलीय तिनं, पार पलीकडं उतरलीय. पर ती इकायची न्हाय. न्हाय, फुटवा बी न्हाय, बी बी न्हाय. लाल फळं पडत्यात खाली, चिमण्या नेत्यात तेवढी नेत्यात, मी एक बी पेरलेलं न्हाय. तुळस ने, मोगरा ने, कढीपत्त्याचं रोप फुकट देते हवं तर. शतावरी कुणालाच देत न्हाय मी. का म्हणजे? ती एकीच्या नावची हाय.

आमच्यात असं असतं बग — आमच्यात म्हणजे माझ्या आईच्या घरात, आईनं तिच्या आईकडनं उचललेलं — लेकीचं लगीन झालं की त्याच पावसाळ्यात तिच्या नावची शतावरी माहेरात लावायची. सासरी न्हाय, माहेरात. दोन हिवाळं जात्यात, मुळ्या भरत्यात, अन् तवर लेकीला दिवस गेलेलं असत्यात. ती पहिल्या बाळंतपणाला येती, तवा मूळ काढायचं, सोलायचं, आतली शीर दोऱ्यावाणी वडून काढायची, उन्हात वाळवायचं, कुटायचं अन् दुधातनं द्यायचं. अंगावर दूध येतं बाळाला. अन् तिचं तिलाच. एकीच्या नावचं मूळ दुसरीला घालायचं न्हाय — माझ्या भणीनं मागितली हुती माझ्या नावची, आई म्हणाली, न्हाय, तुजी अजून कवळी हाय, थांब. आता कोण करतं असलं, दुकानात डबा मिळतो. पर मी केलं. माझी पूनम. एकच ती. लगीन झालं, हितनं गाडीत बसून गेली, रडली बी न्हाय फारशी, हसायचीच लई — अन् मिरगाचं दोन पाऊस पडल्यावर मी तितं वरंबा केला. धुण्याचं पाणी जाईल म्हणून तितं.

अन् झालं बी तसंच सगळं. दोन हिवाळं गेलं, तिसऱ्याला पूनमचा फोन आला, आये, दिवस गेल्यात. मंग रोज सकाळचा फोन. काय खाल्लंस, काय न्हाय खाल्लंस. सातव्यात आणायची ठरली हुती, चैत सरता सरता. मी टोपलं धुऊन ठेवलेलं, पाटा धुऊन ठेवलेला. फोनवर तिचं एकच चाललेलं, आये, काढलीस का शतावरी? मी म्हणायची, काढते की, एवढी काय घाई, तू तर ये. तिला भारी हौस — मुळ्या किती निगत्यात ते बगायचं हुतं, पयज लावलेली नवऱ्याशी. अन् एक दिवस सकाळीच फोन, काढलीस का? मी म्हणलं, आज काढते बग, आजच. खरंच काढणार हुते. भाकरी झाल्या, खुरपं घेतलं, कडंची माती मोकळी केली. पहिलं मूळ दिसलं, हे एवढं, पांढरंफेक. अन् आत फोन वाजाय लागला. मला वाटलं तीच. फोन घेतला तर गडीमाणसाचा आवाज.

पाणी मागं सरलं हुतं धरणाचं. तुला काय सांगायचं, तुमच्याकडंच — असू दे. पाणी मागं सरलं की तुमची लोकं मोटरी बी मागं सरकवत्यात, पायप वाढवत्यात, वायर वाढवत्यात, स्टार्टरची पेटी कुटंतरी चिखलात मेढीला बांधलेली. त्या दिवशी सकाळची लाईट हुती. नवरा केळीत पाणी धरत हुता, हाक मारली, मोटर बंद करा कुणीतरी, पाटाचं दारं फुटलंय. पूनम कपडं धुवाय पाण्यावर गेली हुती. तीच जवळ हुती. गेली. पायात काय न्हाय, वला चिखल, वलं हात, अन् पेटीत करंट उतरलेला. कुणाची बी चूक न्हाय बग. मी त्यावर लई इचार केलाय, लई म्हणजे लई, कुणाची तरी निगाली असती तर बरं झालं असतं, धरायला काय तरी मिळालं असतं. कुणाचीच निगत न्हाय. मी येऊन पोचले तवर सगळं उरकलं हुतं. हितं परत आले तर टोपलं तसंच, खुरपं तसंच, अन् ते एक मूळ उघडं पडलेलं, उन्हानं पिवळं झालेलं. मी माती लोटली त्याच्यावर. तवापासनं त्या वरंब्यात खुरपं घातलं न्हाय. पाणी घालते. पाणी रोज घालते.

आता तू का रडायलीस? डोळं पूस. पाणी पी. पूस म्हणते न्हवं. अन् तो दोरा आत घालू नगंस परत, ऱ्हाऊ दे बाहिर, मी कवाच बगितलाय. गेटातनं वाकून आलीस तवाच बाहिर पडला हुता. काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक. बिजवराशी लगीन झालेल्या बाईच्या गळ्यातच असतो तो, आदल्या बायकोच्या नावाचा — म्हणजे आदलीनं नवीला तरास देऊ नये, तिला बी रोज हळदीकुंकू मिळावं. तसला टाक बांधून बाई माझ्या दारात येती, शतावरी कवा लावायची इचारती, धरणाकाठचा चिखल अजून टाचंला — मी काय खुळी हाय? धनाजीची बायको तू. माझ्या पूनमच्या जागंवर आलेली. मी म्हणलं बोलू द्यावं, बगू किती येळ रोपाचंच इचारती. तू गप, अन् मीच बोलत सुटले. बोलायचं नव्हतं मला एवढं. हे फोनचं तर कुणालाच सांगितलेलं न्हाय. ह्यास्नी बी न्हाय. काढलीस का म्हणून तिनं इचारलेलं, अन् मी आज काढते म्हणलेलं — हे दोघींतलंच हुतं.

अन् तुमचं लगीन झालं तवा निरोप आला हुता मला. धनाजीचा चुलता आला हुता. म्हणाला, नव्या सुनंला घेऊन येतो, रीत हाय, आता तीच तुमची लेक, वटी भरा तिची. रीत हाय मला म्हायती हाय. आदलीचं माहेर तेच नवीचं माहेर. मी चहा दिला त्येला अन् म्हणलं, माझ्याकडं वटीत घालायला काय न्हाय. तो भिंतीकडं बगत हुता, वेल एवढी माजलेली, चहा संपवला अन् गेला. धनाजीचा मला राग न्हाय. दहावं उरकून हितं आला तवा त्या वरंब्यापाशीच बसून ऱ्हायला दिवसभर. गड्यानं किती दिवस एकट्यानं काढावं. करावं त्यानं लगीन. पर माझ्या डोळ्यापुढं आणू नये, एवढंच वाटलं.

मंग आता का आलीस? सासूनं धाडलं? तिला म्हायतीच न्हाय? मंग देवरुषी गाठला असंल कुणीतरी, पोटुशी गेलेली बाई अळवंतीण हुती, नव्या सुनंचं मूल खाती, जा, तिच्या माहेरातनं तिची वस्तू आण अन् नदीत सोड — असंच ना? हे बग, मी गरीब बाई हाय, पर माझ्या लेकीला कुणी हडळ म्हणलं तर मी गावात येऊन बसंन तुमच्या. ती मुंगीवर पाय द्यायची न्हाय. मेंढराचं कोकरू मेलं तर दोन दिस जेवायची न्हाय. ती तुज्या बाळाला हात लावंल? लावला तर कुरवाळायलाच लावंल.

काय? काय म्हणालीस? नीट बोल, रडत बोलू नगंस.

येती. तुज्याकडं येती. सपनात? सपनात का जागी — तुला कळत न्हाय. दुपारचं. भांडी घासून पडलीस की. कवापासनं? दिवस गेल्यापासनं. किती डाव? लई डाव. लई डाव येती म्हणती ही.

गप, जरा गप ऱ्हा. मला बसू दे.

माझ्याकडं एकदा न्हाय आली. कळलं? एकदा न्हाय. मी तिची आई. एवढी वर्सं झाली, मी दुपारची मुद्दाम पडते, तिचा परकर उशाला घेऊन पडते, म्हणते आज येईल. कुत्रं येतं सपनात, मेलेली सासू येती, गावाकडची हीर येती, ती येत न्हाय. शेजारची शिवबाई म्हणाली, येत न्हाय म्हणजे सुटली ती, चांगलं हाय. मी मनात म्हणलं, सुटली तर सुटली, पर आईला एकदा तोंड दाखवून सुटली असती. अन् तुज्याकडं येती? तू तिची कोण? तू तर तिला बगितलेलं बी न्हाईस. फोटू बगितला असशील. फोटूतलीच आली असंल सपनात, गळ्यात टाक बांधला की असं हुणारच, माणूस भेतं. पोटुशीपणात काय बी दिसतं. तसंच काय तरी असंल. ती न्हवंच ती.

काय बोलती? बोलती काय तरी?

...

परत सांग.

काढली का. एवढंच? तसंच म्हणती, काढली का, अन् तुज्या तोंडाकडं बगत ऱ्हाती. तुला वाटलं पोटातल्या पोरीचं इचारती, काढून टाकली का म्हणती. म्हणून तू भ्यालीस. व्हय, भिणारच, अगं भिणारच की. किती दिस सोसलंस एकटीनं? अन् धनाजीला सांगितलंस तवा तो म्हणाला, शतावरीचं इचारत असंल, तिच्या माहेरात हाय, पयज लावलेली. तो उटून बाहिर गेला. अन् तू हितं आलीस. येऊन म्हणतीस, शतावरी कवा लावायची. तोंडात दुसरं काय येईनाच.

पर हे धनाजीनं सांगितलं असंल तुला आदीच. कवातरी बोलता बोलता, पयजंचं. त्येच तुज्या डोक्यात बसलं असंल. मी अशी लगीच इश्वास ठेवणारी बाई न्हाय. दिसती कशी? लुगडं कसलं? दिसत न्हाय नीट, बरं. केस? केस मोकळं न्हाईत, येणी घातलेली. तोंड? हसती. हसती व्हय. भांडी घासायच्या दगडाकडनं येती, उंबऱ्यात हुभी ऱ्हाती, आत येत न्हाय. चपला बाहिर काढती अन् उंबऱ्यात हुभी—

चपला?

चपला काढती म्हणालीस? असत्यात पायात? नीट आठव. माझ्याकडं बगून सांगू नगंस, मातीकडं बगून सांग. कसल्या? रबरी. पट्टा कसला? ...हिरवा. हिरवा पट्टा. नव्या हायत्या. मळलेल्या न्हाईत.

आई गं.

न्हाय, काय झालं न्हाय मला. ऐक. हे धनाजीला ठावं न्हाय, ह्यास्नी ठावं न्हाय, शिवबाईला न्हाय, कुणालाच न्हाय. सगळी म्हणत हुती, पायात चप्पल असती तर वाचली असती. मयतीला आलेला जो तो तेच म्हणायचा, पायात चप्पल असती तर. माझ्या डोक्यात तेच बसलं, की माझी लेक अनवाणी गेली, अन् आता तिकडं बी अनवाणीच चालत असंल, चैताच्या उन्हात. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी एकटी नव्या पेठंत गेले अन् रबरी चप्पल घेतली. हिरव्या पट्ट्याची. तिच्याच मापाची. सिद्धेश्वराच्या देवळापाशी एक म्हातारी बसायची तवा, पायाला चिंध्या गुंडाळलेली, तिला नेऊन दिली. तिच्या पायाला ढगळ झाली ती, म्हातारी म्हणाली, बाई ही माझ्या मापाची न्हाय. मी म्हणलं, घाल तू, जिच्या मापाची हाय तिला पोचंल. तवा म्हणून गेले खरं. पर घरी येताना वाटलं, काय पोचतंय, काय पोचत न्हाय. मेलेलं माणूस गेलेलं असतं. म्हातारी ती चप्पल इकून भजी खाईल, असं बी वाटलं.

पोचली म्हणायची. पायात घालून फिरती. अन् दुसऱ्याच्या दारात चप्पल काढून हुभी ऱ्हाती, तसंच शिकवलेलं मी तिला, कुणाच्या घरात चपलंनं शिरायचं न्हाय.

मंग ती हितं का येत न्हाय, कळलं का तुला? मला आता कळलं बग, तुज्याशी बोलता बोलता. येऊन काय करंल? गेटातनं आत आली की पहिली ती वेलच दिसती. न बोलता कळतं की आयेनं काढली न्हाय. मी म्हणलेलं, आज काढते. तो आज अजून सरलाच न्हाय तिचा. मी हितं पाणी घालून घालून वेल जितवत बसले, म्हणलं लेकीची आठवण हाय, हात लावायचा न्हाय — अन् तिचं काम तेवढंच ऱ्हायलेलं. मला वाटायचं मी तिची वाट बगते. तीच माझी बगत हुती.

सर. सर तिकडं, तो टिकाव दे मला. खुरप्यानं हुणार न्हाय आता हे, किती वर्सांच्या मुळ्या. तू वाकू नगंस, तू बसूनच ऱ्हा, नुसतं टोपलं धर. न्हाय, इचार बदलत न्हाय मी, बदलायच्या आत काढू दे. ही वेल आदी कापते... काटं हायत्या, हात मागं घे. रगत काय, येऊ दे. बग, माती कशी भुसभुशीत हाय, लेंडीखताची. हां. हे बग. हे बग गं, घोसच्या घोस. जुनाट काही पोकळ झाल्यात, त्या टाकायच्या, आत हवा असती नुसती. पर ह्या बग पांढऱ्या, ह्या ह्याच वर्सातल्या. पूनम पयज जिकली असती, ती म्हणालेली टोपलं भरंल, धनाजी म्हणालेला सूपभर निगत्याल. भरलं बग टोपलं. अजून हायत्या खाली. सांग जाऊन त्येला.

असं सोलायचं. वरची साल अशी, अन् टोक धरून आतली शीर वडायची, एका दमात, तुटू द्यायची न्हाय. बग कशी आली, आख्खी. ह्यो दोरा ऱ्हायला की औषध कडू लागतं, घशाला टोचतं. दे, तू बी काढून बग एक. हां. जमतंय की.

पदर कर. पदर पुढं कर तुजा. लाजतीस काय? एकीच्या नावचं दुसरीला घालत न्हाईत म्हणलं हुतं मी, व्हय, मीच म्हणलं हुतं. दुसरी कुटाय हितं, तिचाच टाक हाय तुज्या गळ्यात. तांदूळ-नारळ काय न्हाय घरात आता, ह्याचीच वटी घे. सांडू देऊ नगंस. नाव काय गं तुजं? इतका येळ इचारलं न्हाय. वैजयंती. बरं. घरी नेऊन वाळव, कूट, दुधातनं घे, आषाढात बाळ येईल तवा दुधाला कमी पडायचं न्हाय तुला. सासूनं इचारलं तर सांग, माहेरातनं आणलंय.

अन् ह्यो गड्डा येगळा घे. ह्याला डोळं हायत्या वर, तांबूस, दिसत्यात? त्यातनं नवी वेल येती. वल्या गोणपाटात बांधून देते. घरी गेल्यावर सावलीत वाळूत पुरून ठेव, वाळू सुकू द्यायची न्हाय. मिरग निगाला, दोन-तीन पाऊस झालं, मातीचा लाडू वळला की लाव. वरंब्यावर, खड्ड्यात न्हाय. कुणाच्या नावची? तुज्या आईनं तुज्या नावची लावली हुती का? न्हाय ना. मंग तुज्याच नावची लाव.

ऊट आता. गाडी चुकंल, पाचव्या महिन्यात अंधारात उतरायचं न्हाय रस्त्यावर.

थांब. एकच. ती आता आली की तुला इचारंल, काढली का. तू लगीच हो म्हणून मोकळी हुऊ नगंस. आदी तिला आत घे. उंबऱ्यात हुभी ठेवू नगंस माझ्या लेकीला, लई चालून आलेली असती. बस म्हण. तांब्याभर पाणी दे. दोन शबूद बोल तिच्याशी, काय बी बोल, बाळाचं बोल. अन् मंग सांग, आयेनं काढली म्हणावं. तुमची पयज तुमीच जिकला. ऐकून ती जाईल. अन् परत यायची न्हाय, तुज्याकडं बी न्हाय अन् कुणाकडंच न्हाय. मला कळतंय ते. तरी सांग.

न्हाय, माझा काय निरोप न्हाय. काय निरोप देणार? तिला म्हायती हाय सगळं.

जा आता. जा बाई, मागं बगत बसू नगंस, गेट वडून घे जाताना. मला खड्डा बुजवायचाय.